परत बसवता येईल का?

परवा मुलाशी फोनवर चांगलाच वाद झाला. विषय ना राजकारण, ना पैसा. त्याची गाडी!

तो ऑक्सफर्डजवळ राहतो. तिथून जवळच ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. १९६२ ते १९८० या काळात तिथल्या कारखान्यात एमजीबी ही दोन माणसांची, कापडी टप मागे दुमडणारी गाडी बनत असे. चिरंजिवांनी त्यातलीच १९७० सालची एक घेतली आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेलो तेव्हा ती पाहिली. वरून रंग छान, पण दारांखालच्या पोकळ पट्ट्या गंजून चाळणी झालेल्या. मी म्हटलं, "पत्र्याचं ठिगळ लाव की!" पण या गाडीला वेगळी चॅसी नाही आणि डोक्यावर पक्कं छप्परही नाही. सगळा भार त्या पट्ट्यांवरच. आधार न देता त्या कापल्या तर गाडी मध्येच वाकते आणि दारं लागत नाहीत. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी दांडे जोडायचे, मगच कापायचं. मास्तरला मुलाने शिकवलं. बरं वाटलं :)

इथपर्यंत एकमत होतं. पण आता त्याला चारऐवजी पाच गिअर हवेत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन हवं, आणि रुंद चाकांसाठी मडगार्ड कापायचे आहेत. मी म्हटलं, "जुनी वस्तू जुनीच ठेवावी." तो म्हणाला, "बाबा, मग ती चालवायची कधी?"

फोन ठेवल्यावर विचार केला. स्कूटरचे पॉइंट्स पॉलिश पेपरने घासण्यात मी किती सकाळी घालवल्या! ते काम वाचत असेल तर वाचू दे. तिकडे २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. नळ्या बदलायलाच हव्यात. सगळं जसंच्या तसं ठेवायचा हट्ट धरला तर गाडी चालायची नाही, नुसती झाकून ठेवावी लागेल.

पण मडगार्ड? तिथे मला आमचं गावचं घर आठवलं. स्लॅब टाकायचा म्हणून मीच सागवानी खांब काढले आणि विकले. सोय झाली, खोटं कशाला बोलू? पण आज कितीही पैसे मोजले तरी ते खांब परत येणार नाहीत.

म्हणून माझं मत असं झालं आहे. जो बदल नट-बोल्ट सोडून परत फिरवता येतो, तो खुशाल करावा. ज्याला करवत लागते, तिथे थांबावं. कोणी म्हणेल, अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, एकीचं काय एवढं? खांब विकताना मीही असंच म्हटलं होतं, की वाडे काय, गावोगाव आहेत!

हे सगळं मुलाला लिहून कळवलं. काल त्याने फोटो पाठवला. जुना गिअरबॉक्स तेल लावून, गुंडाळून, वर चिठ्ठी डकवून फळीवर ठेवलेला. मडगार्डबद्दल मात्र एक अक्षर नाही.

असो. गाडी त्याची आहे, करवतही त्याची. तुम्हाला काय वाटतं?