सोयाबीनचे विरजण

हुलसूरच्या शिवारात पावसाळ्यात तुरीच्या जोडीला सोयाबीन उभे राहते. परंतु ते आपल्या स्वयंपाकघराचा उंबरठा क्वचितच ओलांडते. माल बाजारात जातो, तेथून तेलाच्या गिरणीत, आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात! ज्या घरी दूधही विकावे लागते, तेथील मुलांच्या भाकरीबरोबर दही कोठून यावे?

महात्मा गांधींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन आहारात आणून पाहिले होते. माझ्या मते आपण तो प्रयोग दह्यापासून पुन्हा आरंभावा. निव्वळ सोयाबीनच्या दुधात दुग्धशर्करा नसते. विरजणातील जंतूंचे हे नेहमीचे खाद्य. म्हणून त्यात निम्मे गाईचे वा म्हशीचे दूध मिसळावे. सोयाबीन रात्रभर भिजवून उकळत्या पाण्यातच वाटावे, म्हणजे त्याचा उग्र वास दबतो. मग गाळून पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळावे (ते फार उतू जाते, भांडे मोठे घ्यावे!). येथे आळस नको. कच्च्या दाण्यातील एक घटक प्रथिनांचे पचन रोखतो, तो उकळल्यानेच निकामी होतो. दोन्ही दुधे कोमट झाली की विरजण लावावे.

‘दाण्याचे कसले दूध?’ म्हणून काहीजण नाक मुरडतील. नारळाच्या दुधात रांधणाऱ्या कोकणी घरात मी वाढलो. मला त्याचे नवल वाटत नाही. मात्र असे दही निव्वळ दुधाचे म्हणून विकणे ही फसवणूकच होय. सोयाबीनच्या दुधात कॅल्शियमही कमी असते; तेव्हा मिश्रणाचे प्रमाण गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजे.