‘पगार’ बंद झाला? नवा अर्ज नको, अपील करा!

सोलापुरात संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला कुणी ‘अनुदान’ म्हणत नाही, ‘पगार’ म्हणतात. दृष्टी गेलेली मावशी असो, पोलिओने पाय गेलेला तरुण असो की लूममध्ये हात गमावलेला कामगार, सगळ्यांच्या तोंडी ‘माझा पगार’ हाच शब्द असतो. साहेब लोक या शब्दावर हसतात. आम्हाला मात्र तो बरोबर वाटतो. पगार थांबला तर ‘का थांबला’ असं विचारता येतं. मदत थांबली तर फक्त हात जोडता येतात.

पण हा पगार खरोखर बंद पडतो तेव्हा आपण कार्यकर्ते काय करतो? त्या माणसाला सेतूत नेतो आणि नवा अर्ज भरून देतो. हा लेख या सवयीच्या विरोधात आहे.

बंद होतो म्हणजे नेमकं काय होतं?

आम्ही जी प्रकरणं हाताळतो, त्यांत बहुतेकदा पगार बंद होण्याआधी कसलंही पत्र आलेलं नसतं. बँकेत पासबुक छापून आणलं की कळतं. पहिला महिना ‘निधी आला नसेल’ म्हणून जातो, दुसरा ‘सगळ्यांचाच थांबलाय’ म्हणून जातो. तिसऱ्या महिन्यात शेजारणीचा पगार जमा झाल्याचं समजतं आणि मग धावपळ सुरू होते.

कारणं शोधायला गेलं की हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि पासबुकावरच्या नावात एका अक्षराचा फरक, अशी काहीही निघतात. डिसेंबर 2024 पासून पैसे थेट डीबीटीने आधार जोडलेल्या खात्यात जाऊ लागले, तेव्हा ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं ते अडकले. आयुष्यभर विडी वळलेल्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाला कधी बोटंच नसतात. यंत्र ‘जुळत नाही’ म्हणतं आणि माणूस कागदावर मरतो. हरियाणात रोहतकच्या 102 वर्षांच्या आजोबांना असंच मृत ठरवून पेन्शन बंद केली गेली. 2022 साली त्यांनी आपण जिवंत असल्याचं दाखवायला वाजतगाजत वरात काढली. देश हसला. आम्हाला हसू आलं नाही.

कार्यालयात विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: “नव्याने अर्ज करा.” हे उत्तर सोपं वाटतं, पण त्यात तीन तोटे आहेत. एक, नवा अर्ज मंजूर झाला तरी पगार पुढून सुरू होतो आणि मधल्या महिन्यांची थकबाकी बुडते. दोन, पुन्हा सगळे दाखले, पुन्हा रिक्षाभाडं, पुन्हा समितीच्या बैठकीची वाट आणि पुन्हा एजंटचा हात. तीन, आणि हा सगळ्यात मोठा तोटा: नवा अर्ज करून आपण लेखी मान्य करतो की जुना पगार बंद केला ते योग्यच होतं. चूक कार्यालयाची आणि सही आपल्या माणसाची!

हा उपकार नाही, संविधानाचं कलम आहे

संविधानाचं कलम 41 वाचा. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क, असे तिथे शब्द आहेत. त्यात ‘हक्क’ आहे, ‘दया’ नाही. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट कोर्टात जाता येत नाही, असं कुणी लगेच सांगेल. हाच आक्षेप संविधान सभेतही आला होता. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वं डावलता येणार नाहीत. न्यायालयात नाही तरी मतदारांसमोर त्याला जाब द्यावाच लागेल.

आता तर कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याचं कलम 24 सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच योजनेतल्या इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त हवी. महाराष्ट्रात काय झालं? जुलै 2023 मध्ये रक्कम 1000 वरून 1500 झाली, तीही सगळ्यांना सारखीच. दिव्यांगांना 2500 रुपये मिळायला ऑक्टोबर 2025 उजाडावा लागला. म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ शासनच कायद्याच्या मागे होतं. त्या उशिराबद्दल कुणाचा पगार थांबला? लाभार्थ्याचा दाखला एक महिना उशिरा आला तर मात्र त्याचं ताट ओढून घेतलं जातं.

‘अपंग’ ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणा, असंही वरून आलं. नाव गोड करून हक्क लांबवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालायला विरोध म्हणून 1938 साली बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत सभात्याग केला होता. नावावर आमचं पोट भरत नाही, हे आपण तेव्हाच सांगितलं आहे.

आधी सुनावणी, मग निर्णय

ज्याचं नुकसान होणार आहे त्याचं म्हणणं आधी ऐकून घ्या, हा नैसर्गिक न्याय आहे. मनेका गांधी खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कलम 14 आणि 21 शी जोडला. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आणि 30 एप्रिल 2025 रोजी, डोळ्यांची उघडझाप करता येत नाही म्हणून ओळख-पडताळणीत अडवल्या गेलेल्या ॲसिड हल्ल्यातील पीडितांच्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 चा भाग आहे. यंत्रात माणूस बसत नसेल तर पद्धत बदलायची, माणूस वगळायचा नाही.

बाबासाहेब 1913 ते 1916 ज्या न्यूयॉर्क शहरात शिकले, त्याच शहरातल्या गरिबांनी ही लढाई लढली आहे. गोल्डबर्ग विरुद्ध केली या 1970 च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सुनावणी दिल्याशिवाय निर्वाह-मदत बंद करता येणार नाही, कारण निकालाची वाट पाहताना माणसाकडे जगायलाच काही उरत नाही. पण 1976 साली, एल्ड्रिज नावाच्या अपंग माणसाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पाऊल मागे घेतलं. अपंगत्वाचा लाभ आधी बंद करा आणि सुनावणी नंतर द्या, तरी चालेल, असं बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत लिहिलं. लाभ बंद झाल्यावर एल्ड्रिजचं घर कर्जापायी गेलं, सामान उचललं गेलं आणि नवरा, बायको, मुलं एकाच पलंगावर झोपू लागली, याची त्यात नोंद आहे. पुढे 1980 च्या दशकात लाखोंचे लाभ तोडल्यावर इतकी ओरड झाली की 1984 साली कायदा सुधारावा लागला. आज तिथे वैद्यकीय कारणाने लाभ तोडला आणि 10 दिवसांत मागणी केली, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत पैसे सुरू ठेवता येतात. हीच मागणी आपणही लावून धरली पाहिजे.

“पण बोगस लाभार्थी?”

हा प्रश्न येणारच, आणि तो टाळण्याचं कारण नाही. 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. तपासणी झालीच पाहिजे. खोटं प्रमाणपत्र घेणारा खऱ्या अपंगाच्या ताटातला घास खातो. कायद्याच्या कलम 91 मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आमचा वाद क्रमाचा आहे. आधी नोटीस, मग तपासणी, मग म्हणणं ऐकणं, मग लेखी आदेश. इथे आधी पैसे बंद होतात आणि बाकीचं माणसाने स्वतः शोधायचं असतं. मोठ्यांच्या लबाडीची शिक्षा झोपडपट्टीतल्या मावशीने का भोगावी?

आता काय करायचं?

पहिलं, तोंडी काही विचारू नका. तहसीलच्या संगायो शाखेत साधा लेखी अर्ज द्या: माझे अनुदान अमुक महिन्यापासून बंद आहे, बंद करण्याच्या आदेशाची प्रत व कारण लेखी द्यावे, मला नोटीस व सुनावणी मिळालेली नाही, अनुदान थकबाकीसह पूर्ववत सुरू करावे. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘कृपा व्हावी’ हे शब्द अर्जात नकोत.

दुसरं, त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही. एकच विषय, 150 शब्दांच्या आत. आदेश आणि कार्यालयीन टिपणी मागा. निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला सांगणं हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार कार्यालयाचं कर्तव्य आहे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

तिसरं, कारण दुरुस्त होण्यासारखं असेल, जसं आधार किंवा हयातीचा दाखला, तर कागद लगेच द्या. पण ‘त्रुटीपूर्तता’ म्हणून द्या, नवा अर्ज म्हणून नाही.

चौथं, फेरतपासणीत टक्केवारी 40 च्या खाली आणली असेल तर लढाई तहसीलशी नाही, प्रमाणपत्राशी आहे. कलम 59 नुसार प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येतं. जुने उपचाराचे कागद जपून ठेवा.

पाचवं, दाद वर न्या. आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अपील करा. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो, तिथेही प्रकरण न्या. त्यानंतर पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांच्या शिफारशीवर काय कारवाई केली, हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि दिव्यांग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि हायकोर्ट आता मुंबईइतकं लांब नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

विहारात एक वही ठेवा

अडीच हजारांसाठी एवढी यातायात कशाला, मोठ्या प्रश्नांवर बोला, असं काही मित्र म्हणतील. अडीच हजार म्हणजे एका घराचं रेशन, औषधं आणि लाईट बिल. ज्याच्या चुलीचा प्रश्न आपण सोडवत नाही, तो मतदानाच्या आदल्या रात्री एजंटच्या पाठीमागे गेला तर दोष कुणाचा?

म्हणून आमचा आग्रह एवढाच, की प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. कुणाचा पगार कधी बंद झाला, अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, उत्तर काय आलं, ते तिच्यात लिहा. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे आपल्याइतकेच गरीब शेजारी आहेत. त्यांचीही नावं त्याच वहीत लिहा, त्यांचेही अर्ज लिहून द्या. दर रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास ती वही उघडा. एकेकटा माणूस खिडकीवरून परत पाठवता येतो. चाळीस पोचपावत्या घेऊन आलेली वस्ती परत पाठवता येत नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असं आपण म्हणतो. संघर्षाचा एक नमुना हाही आहे: एका कागदावर लिहिलेलं अपील आणि त्याची पोच.

जय भीम! जय संविधान!