नालीत टाकलं की संपलं?

मागच्या शनिवारी गावी गेलो होतो. गाव म्हणजे सुलतानपूर. (उत्तर प्रदेशातलं नाही हो, बुलढाणा जिल्ह्यातलं, लोणारजवळचं. ऑफिसात हे दर वेळी सांगावं लागतं.) बाईकचं ऑइल बदलायला एका गॅरेजवर थांबलो. मेकॅनिकने जुनं काळंकुट्ट ऑइल डब्यात काढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या नालीत ओतलं. आमच्याकडे उघड्या गटाराला नाली म्हणतात.

मी म्हटलं, "दादा, नालीत कायले टाकता?"

तो हसला. "अरे भाऊ, एक पानी आलं का सारं वाऊन जाते!"

पुण्यात राहून शहाणा झालेला मी त्याला लेक्चर देणार होतो. पण गप्प बसलो. का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर होतो. सांडपाणी प्रकल्प बंद पडला आणि मैला उपसायला टँकर बोलवायचे ठरले. तीन कोटेशन आली. आम्ही सगळ्यात स्वस्त घेतलं. माझाही हात वर होता. मीटिंगमध्ये आयटीवाले, सीए, एक वकील असे सगळे शिकलेले लोक, पण "हे टँकर रिकामे कुठे करता?" हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. आठवड्याभराने पहाटे एअरपोर्टला निघालो, तर तोच टँकर मागच्या रस्त्यावर उभा, पाइप पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये! फ्लाइट पकडायची होती. मी कॅब थांबवली नाही. नंतरही काही बोललो नाही.

मेकॅनिकला निदान माहीत नव्हतं. आम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. शहरात दोन वेगळ्या लाइन असतात (निदान असायला हव्यात). एक सांडपाण्याची, जी शुद्धीकरण प्रकल्पाकडे जाते. दुसरी पावसाळी गटाराची, जी सरळ ओढ्याला, नदीला, खाडीला मिळते. मधे ना गाळणी, ना प्रक्रिया. म्हणजे त्या जाळीतून आपण जे ओततो ते थेट नदीत. पेंटरने धुतलेले ब्रश, सर्व्हिस सेंटरचं तेलकट पाणी, टँकरमधला मैला, सगळं. आपल्याला वाटतं आपण 'डिलीट' दाबलं. प्रत्यक्षात फाइल फक्त दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये मूव्ह झालेली असते.

हे खरं वाटत नसेल तर लोणारला जाऊन बघा. उल्का आदळून बेसाल्ट खडकात झालेलं ते विवर, व्यास साधारण १.८ किलोमीटर. पाणी आत येतं, बाहेर वाहून जायला वाटच नाही. त्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यात जगणारी सूक्ष्मजीवांची एक वेगळीच दुनिया आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने त्याचं कारण मीठप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर रामसर यादीत गेलं. आणि या जगप्रसिद्ध सरोवरात वर्षानुवर्षं काय उतरत होतं? लोणार गावाचं सांडपाणी! प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. "वाऊन जाते" म्हणणाऱ्याला विवराच्या काठावर उभं करून विचारावं, की बाबा, इथून पुढे कुठे?

नदीकाठी हे दिसत नाही, एवढाच फरक. दिसतं ते माणसं पडायला लागल्यावर. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला एका टँकरने वालधुनीत रसायन सोडलं आणि शेकडो लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत असंच टँकरमधून नाल्यात रसायन सोडताना विषारी वायू पसरला. सहा कामगार गेले.

अशा वेळी चर्चा कुणाची होते? टँकरच्या ड्रायव्हरची. पकडा, टँकर जप्त करा, कॅमेरे लावा. करा ना, जरूर करा! कायदाही आहेच. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ हेच सांगतं. पण ड्रायव्हर हा 'रूट कॉज' नाही. प्रकल्पापर्यंतचं डिझेल, तिथली फी आणि वाया जाणारा वेळ वाचवला म्हणून तो स्वस्त पडतो. आणि तो स्वस्त आहे म्हणूनच आपण त्याला बोलावतो. आपण वाचवलेले पैसे म्हणजे नदीच्या नावावर काढलेलं कर्ज.

उपाय अवघड नाही. आपल्या धंद्यात समोरून पोच आल्याशिवाय मेसेज पोचला असं आपण मानत नाही. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत तेच तत्त्व आहे. मालाबरोबर कागद जातो आणि ज्याने माल घेतला त्याची सही होऊन प्रत परत येते. वापरलेलं इंजिन ऑइलही या नियमांत घातक कचराच आहे. मग सोसायट्यांनी मैल्याच्या टँकरला हाच हिशोब लावावा. शुद्धीकरण प्रकल्पाची पावती दाखवली तर पेमेंट, नाहीतर नाही. गॅरेजवाल्याला विचारावं, जुनं ऑइल कुणाला देता? नगरपालिकेने जुनं ऑइल गोळा करायची सोय करावी, आणि चेंबरवर 'हे पाणी नदीत जातं' एवढं रंगवावं. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत जाळीशेजारी मासा काढून हेच लिहिलेलं असतं.

"पावती मागितली तर टँकर महाग पडेल," असं कुणीतरी म्हणेलच. पडेल. तोच खरा भाव आहे. आत्तापर्यंत उरलेली रक्कम खालच्या गावचे लोक भरत होते.

पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. पावतीचा ठराव मी मांडणार आहे, आणि त्या पहाटेची गोष्टही सांगणार आहे. शिव्या बसतील, बसू देत. त्यानंतरच त्या मेकॅनिकशी बोलायला माझ्याकडे तोंड असेल.