सिमीला सबब कशाला हवी?

काळ्या विनोदाच्या सिनेमातली नालायक बाई आपल्या मातीतली नव्हे, ते शहरी पोरांचं परदेशी खूळ आहे, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. गावाकडच्या प्रेक्षकाला सोसणारी, रडणारी बाईच लागते, असं म्हणत ते १९९१ च्या ‘माहेरची साडी’चा दाखला देतात. तो चित्रपट तुफान चालला, यात वाद नाही. पण याच प्रेक्षकाची दुसरी आवड ते सोयीस्कर विसरतात. यवत ओलांडून सोलापूर रस्त्याने पुढे गेलं की चौफुल्याची कलाकेंद्रं लागतात. तिकडे जुन्नर तालुक्यात नारायणगावला तमाशा ठरवायला गावोगावचे कारभारी येतात. या सगळ्या टापूने पिढ्यान्‌पिढ्या गवळणीतल्या मावशीला डोक्यावर घेतलं आहे. मावशी भांडकुदळ, आपमतलबी, चहाटळ. वय उलटलं तरी कृष्णापुढे लाडात येणारी. तिच्यात सद्गुण औषधालाही सापडत नाही आणि तो असावा अशी मागणीही कधी कुणी केली नाही. ती अशी का झाली, याची करुण कहाणी कुठलाही शाहीर सांगत बसला नाही.

यावर कुणी म्हणेल, मावशीचं काम पुरुष करतो. आक्षेप बिनतोड आहे, आणि मला तो उपयोगीच पडतो. लुगडं नेसलेल्या पुरुषाला जी मोकळीक मिळाली, ती त्याच फडातल्या बाईला नव्हती. तिने देखणं दिसायचं आणि नाचायचं. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’पासून १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’पर्यंत रंगमंच बदलला, पडदा आला, पण बाईचा वात्रटपणा मिशा काढलेल्या पुरुषाकडेच राहिला. काळ्या विनोदाच्या सिनेमाने तो हक्क बाईला दिला. १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’मध्ये ‘खबरदार’ची संपादक शोभा आठवा. भ्रष्टाचार उघडा पाडायचा म्हणून ती दोन भोळ्या फोटोग्राफरांना कामाला लावते आणि मिळालेल्या पुराव्यावर बिल्डरशी सौदा करू बघते. हे काम भक्ती बर्वे यांनी केलं. ‘ती फुलराणी’मुळे मराठी घराघरांत लाडक्या झालेल्या बाईंनी. शोभाच्या बोलण्यात आर्जव आहे, हसण्यात आपुलकी आहे, आणि दोन्ही खोटं आहे. ती का बिघडली हे कुंदन शाह सांगत नाहीत. बिल्डर का बिघडला हे तरी कुठे सांगतात?

श्रीराम राघवन यांच्या २०१८ च्या ‘अंधाधुन’मध्ये हे सूत्र टोकाला जातं. चित्रपट पुण्यात घडतो. तब्बूची सिमी ही एका वयस्क नटाची तरुण बायको. नवऱ्याचं प्रेत घरात पडलेलं असताना समोर पियानो वाजवणारा माणूस आंधळा आहे, या भरवशावर ती आणि तिचा प्रियकर निमूटपणे आवराआवर करतात. वरून सुरेल संगीत, खाली प्रेत ओढणं, आणि पाहुण्याशी बोलताना तिच्या आवाजात यजमानीणबाईंची अदब. पुढे शेजारची वृद्धा पोलिसांकडे नको ते बोलते, तेव्हा सिमी तिलाही वरून ढकलते. इथे आपण तिची बाजू घेत नाही. तरीही डोळे तिच्यावरून हलत नाहीत, कारण घर सांभाळताना, चारचौघांत वागताना बायकांना जे कसब अंगी बाणवावं लागतं (कुणाला काय सांगायचं, कधी रडायचं, कुठे गोड बोलायचं), तेच सगळं ती खुनासाठी वापरते. तिच्या पापाचं हसू येतं ते या नेटकेपणामुळे. नवरा छळत होता असं एक दृश्य आधी घातलं असतं, तर आपण हसायचं सोडून तिला न्याय देत बसलो असतो.

तसं करून पाहिलेला चित्रपटही आहे. २०२२ च्या ‘डार्लिंग्स’मध्ये भायखळ्याच्या चाळीतली बद्रू मारकुट्या नवऱ्याला घरातच डांबते. विनोद धारदार आहे, आलिया भट आणि शेफाली शाह दोघी बहारदार. पण दिग्दर्शिकेला नायिकेचे हात स्वच्छ हवेत. अगदी शेवटी बद्रू नवऱ्याला मारायचा बेत सोडते आणि मारायचं काम येऊन करते आगगाडी! चित्रपट वाईट नाही, मात्र आपल्याच नायिकेला घाबरलेला आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. २०२५ मध्ये मेरठला नवऱ्याचा खून करून प्रेत निळ्या ड्रममध्ये लपवल्याचा आरोप एका बायकोवर आला, त्यानंतर त्या ड्रमचे विनोद मोबाइलवरून गावोगाव फिरले आणि ‘बायकोपासून जपून’ हे पारावरचं शहाणपण झालं. देशात हुंडाबळींची सरकारी नोंद २०२३ साली सहा हजारांवर होती. अशा देशात सिमीसारख्या बाया दाखवणं म्हणजे त्याच संशयाला खतपाणी नव्हे का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्या विनोदांत बाई कुठे होती? एक ड्रम होता आणि ‘बायको’ नावाची जात होती. सिमी मात्र कुणाचीही प्रतिनिधी नाही. तिचा लोभ, तिची भीती, ऐनवेळी सुचलेली थाप तिची एकटीची आहे. तिच्यावरून तमाम बायकांविषयी मत बनवणारा प्रेक्षक ‘सैराट’ बघूनही मुलींना कोंडायचंच ठरवेल. त्याच्या डोक्याचा हिशेब पटकथेने का चुकवायचा?

याच ‘अंधाधुन’मध्ये सखू आहे. लॉटरीची तिकिटं विकणारी, रिक्षावाल्याला हाताशी धरून माणसाच्या किडन्या विकायला निघालेली. हे काम छाया कदम यांनी केलं. मराठी बोलणाऱ्या या बाईला दुष्टपणाही मिळाला आणि विनोदही, तोही हिंदीत. ‘माहेरची साडी’त उषा नाडकर्णी यांना सासूचा दुष्टपणा मिळाला होता, विनोद मिळाला नाही. गवळणीतल्या मावशीकडे दोन्ही होतं. आमच्या पटकथाकारांना अजून तेवढं जमलेलं नाही.