ऐनवेळी कच खातो कोण?

‘खेळाडू मोठा असेल हो, पण ऐनवेळी कच खातो!’ आपल्या मराठी घरांत या वाक्याइतके स्वस्त वाक्य दुसरे नसेल. क्रिकेटच्या निमित्ताने ते वापरून वापरून गुळगुळीत झाले. आता ते साता समुद्रांपलीकडच्या बास्केटबॉलपटूंवरही चालू लागले आहे. अमेरिकेतले रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. त्यामुळे शाळेत येणारी मुले दप्तराबरोबर एक ताजे भांडणही घेऊन येतात, आणि मधल्या सुटीपर्यंत ते शिक्षकांच्या खोलीत पोचलेले असते. भांडणाचा विषय बहुधा एकच: लेब्रॉन जेम्स हा दडपणाखाली उभा राहणारा गडी आहे की नाही?

मी काही या खेळाचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे न गेलेला एक शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. पण इतक्या वर्षांत उत्तरपत्रिका तपासता तपासता एक गोष्ट मला पक्की कळली आहे. गुण देण्याआधी कसोटी ठरवावी लागते. ज्या मास्तरची कसोटी विद्यार्थ्याचे नाव पाहून बदलते, त्याला मास्तर म्हणू नये. लेब्रॉनला नापास करणाऱ्या या परीक्षकांवर माझा आरोप नेमका हाच आहे.

त्यांची पहिली कसोटी अशी: खरा मर्द शेवटची फेक स्वतः करतो, चेंडू दुसऱ्याला देत नाही. २००७ साली डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेत पहिल्याच सामन्यात अखेरच्या क्षणी क्लीव्हलँड दोन गुणांनी मागे होते. लेब्रॉन बास्केटकडे झेपावला, बचाव करणारे त्याच्याभोवती गोळा झाले, आणि त्याने कोपऱ्यात मोकळ्या असलेल्या डॉनयेल मार्शलकडे चेंडू दिला. मार्शलची फेक हुकली. सामना ७६ विरुद्ध ७९ असा गेला आणि दुसऱ्या दिवशी लेब्रॉन भित्रा ठरला.

ठीक. आता दहा वर्षे मागे चला. १९९७ च्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, शिकागो आणि युटा ८६–८६ अशा बरोबरीत. चेंडू मायकेल जॉर्डनच्या हाती. त्याच्यावर दोघे धावून आले. त्याने मोकळ्या स्टीव्ह कर्रला चेंडू दिला. कर्रची फेक पडली, शिकागो ९०–८६ असे जिंकले, आणि जॉर्डनच्या त्या देण्याला दूरदृष्टी, विश्वास, नेतृत्व अशी नावे मिळाली. वाचकहो, दोघांनी केले काय? दोघे अंगावर आले तेव्हा मोकळ्या सोबत्याला चेंडू दिला. फरक पडला तो तिसऱ्याच माणसाच्या मनगटात. मग एक शूर आणि दुसरा भेकड कसा? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, याहून या न्यायात अधिक काही नाही.

आणि त्याच २००७ च्या मालिकेचा पाचवा सामना हे परीक्षक सोयीस्करपणे विसरतात. मालिका २–२ अशी बरोबरीत, सामना डेट्रॉइटच्या मैदानावर, दोनदा जादा वेळ द्यावा लागला. त्या सामन्यात बावीस वर्षांच्या या पोराने क्लीव्हलँडचे शेवटचे सलग २५ गुण एकट्याने केले. एकूण ४८. क्लीव्हलँड १०९–१०७ असे जिंकले. पहिल्या सामन्यात चेंडू दिला म्हणून तो भित्रा, तर पाचव्यात कुणालाच दिला नाही म्हणून तो काय? याचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

पहिली कसोटी मोडली की दुसरी पुढे येते: ‘ते सोडा, निकाल बोलतो. जॉर्डन सहा अंतिम मालिका खेळला आणि सहाही जिंकला. लेब्रॉन दहा खेळला, त्यांतल्या सहा हरला.’ आकडे खरे आहेत. पण हा हिशेब नीट मांडून पाहा. १९८५, ८६ आणि ८७ या तिन्ही साली जॉर्डनचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. १९८६ मध्ये तर त्याने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात ६३ गुण केले आणि तरीही सामना हातचा गेला. त्या पराभवांचा डाग त्याला कुणी लावत नाही, आणि लावूही नये. मग अंतिम मालिकेपर्यंत जाऊन हरणे हे पहिल्या फेरीत हरण्यापेक्षा वाईट कसे झाले? चाळणी परीक्षेत नापास होणाऱ्याला ‘अंतिम परीक्षेत कधीच नापास न झालेला’ म्हणून हार घालायचा, आणि दहा वेळा अंतिम परीक्षेला बसणाऱ्याला सहा वेळच्या अपयशाबद्दल छडी मारायची, असे गणित माझ्या शाळेत तरी चालत नाही.

निकालच जर एकमेव साक्षीदार, तर जेरी वेस्टचे काय करायचे? लॉस एंजेलिसच्या या खेळाडूला अमेरिकेने ‘ऐनवेळचा गडी’ याच अर्थाचे टोपणनाव दिले होते. हा ऐनवेळचा गडी नऊ अंतिम मालिका खेळला आणि फक्त एक, १९७२ ची, जिंकला. १९६९ च्या मालिकेत सातव्या सामन्यात त्याने ४२ गुण केले. त्याचा संघ दोन गुणांनी हरला. तरी त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती त्याचीच. हरलेल्या संघातल्या खेळाडूला अंतिम मालिकेत तो मान त्यानंतर कधीही मिळालेला नाही. त्या काळच्या प्रेक्षकांना एवढे कळत होते की माणसाचे खेळणे आणि संघाचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला ते का कळू नये? उलट बाजूही पाहा. २०१० च्या सातव्या सामन्यात कोबी ब्रायंटच्या २४ फेकींपैकी फक्त ६ पडल्या. त्याचा संघ जिंकला, आणि त्या १८ हुकलेल्या फेकी विजयाच्या गुलालाखाली झाकून गेल्या.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे. त्याला बगल देऊन वाद जिंकणे हा लटका विजय होईल. २०११ ची अंतिम मालिका, मायामी विरुद्ध डॅलस. चौथ्या सामन्यात लेब्रॉनने अवघे ८ गुण केले. मायामी तीन गुणांनी हरले, आणि पुढे मालिकाही ४–२ अशी गेली. ज्याच्या हाती चेंडू हवा तोच त्या दिवसांत चेंडूपासून दूर उभा राहत होता. येथे सोबत्यांचा दोष नाही, दैवाचा नाही. येथे तो कचरला. मी हे बिनशर्त मान्य करतो.

पण परीक्षकांची उडी येथे थांबत नाही. २०११ मध्ये कचरला, म्हणून कचरणे हा त्याचा स्वभावच, असे त्यांचे अनुमान असते. हे अनुमान टिकायला पुढच्याच वर्षाचा अडसर आहे. २०१२ मध्ये बॉस्टनविरुद्ध मायामी ३–२ असे मागे पडले. सहावा सामना परक्या मैदानावर, हरले की घरी. त्या रात्री लेब्रॉनने ४५ गुण केले, १५ रिबाउंड घेतले, आणि २६ फेकींपैकी १९ अचूक टाकल्या. त्या वर्षीचे विजेतेपद मायामीलाच मिळाले. २०१६ मध्ये क्लीव्हलँड अंतिम मालिकेत ३–१ असे मागे होते, तेही वर्षभरात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध. अंतिम मालिकेत तेवढ्या पिछाडीवरून तोपर्यंत कुणीही सावरले नव्हते. लेब्रॉनने पाचव्या आणि सहाव्या सामन्यात प्रत्येकी ४१ गुण केले. सातव्यात ८९–८९ अशी बरोबरी असताना, दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा, मागून धावत येऊन त्याने इग्वोडालाची फेक फळ्यावरच अडवली. मग कायरी अर्विंगची तीन गुणांची फेक पडली आणि ९३–८९ असा सामना संपला. क्लीव्हलँड शहराला ५२ वर्षांनी एखाद्या मोठ्या खेळातले विजेतेपद मिळाले. धैर्य हे जन्मखुणेसारखे अंगावर घेऊन यायचे असते तर २०११ चा माणूस २०१६ मध्ये असा दिसता ना. धैर्य शिकता येते. हे मास्तरला कळते. निकाल वाचणाऱ्याला कळत नाही.

आणि त्या सातव्या सामन्यात लेब्रॉनच्या स्वतःच्या २४ फेकींपैकी पडल्या ९. अर्विंगची फेक हुकली असती तर? हे परीक्षक आज तो आकडा आपल्याला पाठ करून दाखवत बसले असते.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? १९९९ च्या जानेवारीत चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध २७१ धावा हव्या होत्या. पाठ दुखत असताना सचिन तेंडुलकर १३६ पर्यंत पोचला. तो बाद झाला तेव्हा १७ धावा आणि तीन गडी बाकी होते. उरलेल्यांनी मिळून चार धावांची भर घातली. भारत १२ धावांनी हरला. पुढे कित्येक वर्षे चहाच्या कपावर दोष कुणाला? त्या १३६ वाल्याला!

कुणी म्हणेल, ‘मास्तर, खेळाच्या गप्पा आहेत, कशाला एवढे मनावर घेता?’ घेतो, कारण दडपण ही खरी गोष्ट आहे आणि शिक्का ही त्याहून खरी. १९९५ च्या अंतिम मालिकेत पहिल्या सामन्यात ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे असताना निक अँडरसनला अखेरच्या सेकंदांत चार फ्री थ्रो मिळाले. एक पडला असता तरी सामना जवळजवळ खिशात होता. चारही हुकले. ऑर्लँडो तो सामना हरले आणि मालिकाही ४–० अशी हरले. पुढे काय झाले ते पाहा: आधी शंभरात सत्तर फ्री थ्रो टाकणारा हा माणूस दोन हंगामांनी शंभरात चाळीसवर आला. मनगट तेच होते, बास्केटची उंची तीच होती. चार फेकी त्या रात्री हुकल्या; बाकीच्या हुकल्या त्या त्यानंतर डोक्यावर बसलेल्या ओझ्याने.

असले अँडरसन मी दरवर्षी वर्गात पाहतो. सहामाहीत गणिताचा पेपर बिघडलेली मुलगी. घरी पाहुणे येतात, आणि तिच्यादेखत कौतुकाच्या सुरात सांगितले जाते, ‘हुशार आहे हो, पण ऐनवेळी गडबडते.’ झाले! तो दिवस आणि पुढचा मार्च. ती वर्गात हात वर करायचे सोडते. ज्याने हात वर केला नाही त्याचे उत्तर चुकत नाही. ज्याने फेक केली नाही त्याची फेक हुकत नाही. आपल्या शिक्क्याने आपण शूर माणसे घडवीत नाही. हात खिशात घालून उभी राहणारी शहाणी माणसे घडवतो, आणि मग ‘आजकाल कुणी जबाबदारी घेत नाही’ म्हणून हळहळतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. माणसाला त्याच्या निर्णयाबद्दल जाब विचारा, दुसऱ्याच्या मनगटाबद्दल नको. कचरला तर त्या दिवसापुरता कचरला म्हणा. साऱ्या जन्माचा दाखला लिहू नका. एकच कसोटी घ्या आणि ती जॉर्डनला, लेब्रॉनला, सचिनला आणि स्वतःच्या मुलीला सारखीच लावा. एवढे जमत नसेल तर मग प्रश्न उलटा विचारावा लागेल. चाळीस लाख डोळ्यांसमोर चेंडू हाती घेऊन धावणारा तो माणूस कच खातो, की फराळाच्या ताटापुढे बसून, निकाल लागल्यावर, सोयीची कसोटी निवडणारे आपण?