परसांतील रानभाजी

मृगाच्या सरींमागून परसांत टाकळा, कुर्डू व घोळ माजतात आणि तण म्हणून उकिरड्यावर जातात. आम्हांस ही उधळपट्टी वाटते. फुलोऱ्यापूर्वीं कोंवळीं पानें खुडल्यास भाजी मिळते आणि बीं न पडल्यामुळें पुढील वर्षीचें तणही घटतें. राहिलेले देठ वाळवून खताच्या खड्ड्यांत घालावे. तणनाशक फवारलेली जागा मात्र टाळावी. घोळींत ऑक्झॅलिक आम्ल असल्यामुळें मुतखड्याचा विकार असणारांनीं ती वर्ज्य करावी. पानाची खात्री नसेल तर तें खुडूं नये. ही पारख घरांतील वडील स्त्रियांस असते. ती केवळ चित्रें पाहून येत नाहीं. सुनामुलांनीं यंदाच त्यांच्यासमवेत परसांत उतरावें. त्यांच्या पश्चात् ही विद्या विचारावी कोणास?