जलपर्णीसकट हिरवं शहर

शहराचं हरित आच्छादन वाढलं हे पटवायला हल्ली उपग्रहाची साक्ष काढतात. पडद्यावर हिरवा नकाशा झळकला की माना डोलतात. उपग्रहाशी माझं भांडण नाही. तो दिसतं ते सांगतो. भांडण आहे ते त्याच्या तोंडून हवं तेवढंच वदवून घेणाऱ्यांशी.

पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्याचंच घ्या. उन्हाळ्यात इंद्रायणीत सांडपाण्यावर जलपर्णी माजते आणि चित्रात नदीचा पट्टा गर्द हिरवा उमटतो. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषतं, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. त्या फरकावरून ‘एनडीव्हीआय’चा, म्हणजे हिरवाईचा, आकडा निघतो. पान वडाचं की जलपर्णीचं, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. म्हणजे नदीत सांडपाणी सोडत राहा, शहर आपोआप हिरवं! इतकं स्वस्त वृक्षारोपण दुसरं कुठलं?

दुसरी हातचलाखी महिन्याची. ऑक्टोबरात पडीक प्लॉटवरचं गाजरगवतही हिरवाईत जमा होतं. एप्रिलात तिथंच मुरूम आणि पत्र्याच्या शेड उरतात. तुलना एकाच महिन्याची करावी, हे शेंबडं पोरही सांगेल.

‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. गुंठ्या-गुंठ्यानं विकल्या गेलेल्या गावाला याहून चपखल माप सापडायचं नाही. डेरेदार वड असे तीन ठिपके सहज व्यापतो. ५ जूनला, पर्यावरणदिनी, फोटोपुरतं लावलेलं, जाळीतलं रोप एकाही ठिपक्यात दिसत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर राज्याचा १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा म्हणतो, तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावा. साठ वर्षांच्या वडामागे साठ काड्या! हिशेब चोख, सावली शून्य.

तळवडे १९९७ साली महापालिकेत आलं. ‘लँडसॅट’ उपग्रहांची चित्रं त्याच्याही आधीपासूनची आहेत आणि २००८पासून फुकट मिळतात. तेव्हा पैसा नाही, यंत्रणा नाही ही महापालिकेची रड पुरे. दरवर्षीच्या एप्रिलचा प्रभागवार नकाशा लावा. त्यात नदीपात्र वगळा, ऊस आणि हिरवळ वेगळी दाखवा, जुन्या झाडांचे डेरे तेवढे मोजा. दर पाच वर्षांनी वृक्षगणना तर १९७५च्या कायद्यानंच सांगितली आहे. तिची यादी या नकाशाशेजारी ठेवा. दोन्ही जुळतात का, ते आम्ही बघू.

आणि वाचकहो, यापुढं कुणी हिरवा नकाशा नाचवला, तर आधी महिना विचारा. मग त्यावरची नदी हातानं झाकायला सांगा.